मनोऱ्यातलं भरलेलं कोठार

बायकोला मदत करायची, असं सर्जेरावांनी बुधवारी सकाळी ठरवलं आणि तिथंच घोळाला सुरुवात झाली. एरवी ते असलं काही ठरवत नाहीत. मदतीच्या बाबतीत त्यांचा रेकॉर्ड अगदी स्वच्छ आहे. (एकदा कणीक मळायला घेतली होती. ती शेवटी दारावरच्या गायीनंही नाकारली.)

सर्जेराव वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. नट, बोल्ट, वॉशर, काहीही असो, माल संपू द्यायचा नाही हा त्यांचा धर्म. त्यात संसार छत्रपती संभाजीनगरात. नळ आज येईल की आणखी चार दिवसांनी, हे जिथं नळालाच माहीत नसतं, तिथला माणूस पाळण्यातच साठवायला शिकतो. सर्जेरावांच्या गच्चीवर टाक्या होत्या, अंगणात निळे ड्रम होते, मोरीत पिंप होतं आणि दिवाणाखाली कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांची पलटण होती. कुणी रिकामा डबा टाकायला निघालं, तर ते त्या माणसाकडं चोरासारखं बघत. "असू दे, लागतं," एवढंच म्हणत आणि डबा परत माळ्यावर जाई.

त्यांची बायको रूपाली मात्र दिवाळीपासून मोबाईलवर एका मनोऱ्यात अडकली होती. हा गेम लेकीनं, संस्कृतीनं, सुट्टीत जुन्या फोनवर टाकून दिला होता आणि ती पुण्याला होस्टेलवर निघून गेली होती. गेमला इंग्रजीत लांबलचक नाव होतं, घरात त्याला नुसतं 'मनोरा' म्हणत. राक्षसांनी भरलेला सात मजली मनोरा. हातात पत्ते. एकेका पत्त्यावर तलवार, ढाल, औषध असं काहीबाही. पत्ते टाकत लढायचं, वर चढायचं, वाटेत नवे पत्ते कमवायचे. मेलं की सगळे पत्ते जप्त आणि पुन्हा तळमजला. फक्त लढताना मिळालेले पाचू मेल्यावरही आपलेच राहतात. ते पुरेसे साठले की एक कायमची सुधारणा मिळते. तीनपैकी एक निवडायची. ती पुढच्या प्रत्येक डावात सोबत राहते आणि उरलेल्या दोघींची दारं जन्माची बंद होतात.

"म्हंजे लग्नासारखंच की," हे ऐकून सर्जेराव म्हणाले होते.

"लग्नात मला तीन पर्याय कुठं होते?" रूपाली म्हणाली होती.

आता एवढं सगळं ती गंमत म्हणून करत असती, तर प्रश्न नव्हता. पण पैठणला धाकटी जाऊ सायलीही हाच गेम खेळायची आणि ती सातव्या मजल्यापर्यंत पोचून आली होती. मागच्या महिन्यात एका बारशाला भर मांडवात ती म्हणाली, "ताईंना नाय जमायचं ते. डोक्याचं काम हाय." सगळे हसले. रूपालीही हसली. पण परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत बसली, ती घर येईपर्यंत. बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास मिळवलेली बाई. लग्नानंतर तिच्या डोक्याला या घरानं एकच प्रश्न सतत विचारला होता, तो म्हणजे "माझा रुमाल कुठंय?" तिला सायलीचे शब्द फार लागले. येत्या रविवारी सायली आणि तिचा नवरा कृष्णा जेवायला येणार होते. त्याआधी मनोरा सर करायचा, असा तिनं पणच केला. आणि गाडी पाचव्या मजल्यावर अडली होती.

बुधवारी सकाळी पाचू भरले. पडद्यावर तीन दारं उघडली. रूपालीनं फोन ओट्यावर ठेवला, हात पुसले, विचार करायला म्हणून डोळे मिटले आणि नेमका तेव्हाच गल्लीत आवाज उठला, "नळ आला! नळ आला!"

त्यानंतर संभाजीनगरातला माणूस विचार करत नाही, पळतो. रूपालीनं फोन सर्जेरावांच्या हातात कोंबला.

"हे धरा. अधूनमधून बोट फिरवत राहा. निवड अर्धी असताना पडदा झोपला की गेम उडतो आन् पाचू बुडतात. जुना फोन हाय."

"बरं. आन् ह्याच्यातलं कोणतं दाबू?"

"काहीच दाबू नका! नुसतं धरा!"

ती मोटर लावायला अंगणात गेली. सर्जेराव आरतीचं तबक धरावं तसा फोन धरून उभे राहिले. पाच मिनिटं त्यांनी खरोखर नुसतं बोट फिरवलं. सहाव्या मिनिटाला वरच्या कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकायला लागला. बॅटरी संपत आली होती.

"अगं! बॅटरी चालली!" त्यांनी ओरडून सांगितलं. अंगणात मोटर घरघरत होती, ड्रम वाजत होते, शेजारच्या मुक्ताबाई पाइपावरून कुणाशी तरी भांडत होत्या. कुणाला काही ऐकू गेलं नाही. (चार्जर शेजारीच भिंतीला लटकत होता. पण एवढी मोठी जबाबदारी अंगावर पडल्यावर भिंतीकडं बघायला फुरसत कुणाला असते?)

आता मदत करणं भाग होतं. सर्जेरावांनी चष्मा नाकावर सरकवला आणि तिन्ही दारं वाचली. पहिलं दार 'हलकी झोळी'. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला दोन नको असलेले पत्ते फेकून देता येतील. फेकून? सर्जेरावांच्या कपाळाला आठी पडली. असल्या सवयींनीच घरं बुडतात. दुसरं दार 'दुसरा श्वास'. मेल्यावर एकदा उठून बसता येईल. भरल्या घरात असलं अभद्र कशाला, म्हणून त्यांनी तेही बाजूला सारलं. तिसरं दार बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. 'भरलेलं कोठार'. प्रत्येक डावाला सुरुवातीलाच दहा जादा पत्ते, फुकट!

फुकट दहा! असली स्कीम कारखान्यात त्यांनी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. त्यांनी दाबलं. "नक्की ना? हे कायमचं आहे," असं गेमनं इंग्रजीतून विचारलं. सर्जेरावांनी वरचा मजकूर पुरता वाचलासुद्धा नाही आणि पुन्हा दाबलं.

रूपाली ओल्या साडीनिशी आत आली तेव्हा ते ओट्यापाशी वाढदिवसाच्या मुलासारखे उभे होते.

"तुझं काम करून टाकलं," ते म्हणाले. "लई भारी माल भेटला. दहा पत्ते!"

रूपालीनं फोन घेतला, आधी चार्जरला लावला आणि मग पडदा बघितला. एकेक पत्ता उलटून बघितला.

"काय झालं? कमी पडले का?"

"हे दहाच्या दहा गोणपाट हायेत," ती हळू आवाजात म्हणाली.

"मंग? गोणपाट लागतंच की."

"अहो, राक्षसाला काय गोणपाटानं पुसू? पाच-पाच पत्ते येतात हातात. आधी त्यात एखादी तलवार तरी असायची. आता चार गोणपाटं आन् एक औषध. मोजके पत्ते असले तरच चांगला पत्ता वेळेवर येतो, एवढं साधं हाय ते. मी चार महिने पाचू जमवले. चार महिने! आन् तुम्ही नुसतं धरायचं सोडून..."

पुढं ती बोललीच नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं सर्जेरावांना दुपारपर्यंत वाटायला लागलं. डबा वेळेवर मिळाला, त्यात भाजीही होती, फक्त मीठ नव्हतं. संध्याकाळी रुमाल शोधून दिला गेला नाही. गुरुवारी चहा मिळाला तो पाहुण्यांच्या कपात. परक्या माणसाला देतात तसा, बशीसकट.

कारखान्यातून सुटल्यावर सर्जेराव थेट औरंगपुऱ्यात गेले. तिथं एका मोबाईलवाल्याकडून ते स्क्रीनगार्ड बसवून घेत. त्याला त्यांनी सगळी हकिकत सांगितली.

"चचा, ये अपने हात में नै," तो म्हणाला. "कंपनी को लिखो."

लिहायचं म्हटल्यावर सर्जेरावांना धीर आला. अर्ज हा त्यांचा प्रांत. त्यांनी गेमच्या कंपनीला इंग्रजीतून अर्ज केला. विषय, चुकून उचललेला माल परत घेणेबाबत. सदर दहा नग गोणपाट सीलबंद अवस्थेत असून अद्याप वापरलेले नाहीत, तरी ते परत घेऊन बदली सुधारणा देण्यात यावी, ही नम्र विनंती. शुक्रवारी उत्तर आलं. आमच्या गेमवर इतकं प्रेम केल्याबद्दल आभार, असं म्हणून कंपनीनं त्यांना राक्षसाची हसणारी पाच चित्रं व्हॉट्सॲपवर वापरण्यासाठी भेट दिली होती. त्यातलं एक त्यांनी रूपालीला पाठवून बघितलं. (पाठवायला नको होतं.)

रूपाली मात्र थांबली नव्हती. भाकरी थापता थापता, कपडे वाळत घालता घालता ती खेळत होती, मरत होती आणि पुन्हा तळमजल्यावरून चढत होती. रागानं माणूस एक तर मोडतो, नाहीतर कामाला लागतो. ती कामाला लागली. गोणपाट एका वेळी थोडासा मार झेलतं हे तिनं हेरलं. चार गोणपाटं एकावर एक टाकली की तलवार हातात येईपर्यंत तग धरता येतो, हेही तिला समजलं. शनिवारी संध्याकाळी ती सहावा मजला ओलांडून वर पोचली आणि डाव तिथंच थांबवून स्वयंपाकाला लागली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सर्जेरावांना तर नाहीच.

रविवारी सायली आणि कृष्णा आले. जेवणं झाली. कृष्णा मात्र पोळीवर आणखी पोळी घेत राहिला. सायलीनं हात धुतले आणि गोड आवाजात विचारलं, "काय ताई, मनोऱ्यात कुठवर आलात?"

सर्जेरावांना वाटलं, धरणी दुभंगावी.

"सातव्या दारात उभी हाय," रूपाली म्हणाली. "चल, बघ."

सायलीनं पडद्याकडं नजर टाकली आणि तिला हसू फुटलं. "अगं बाई, ही गोणपाटं कशाला घेतली? माझ्याकडं निवडक आठ पत्ते होते, एकदम कडक!"

"मंग हरलीस कशी?"

सायली जरा घुटमळली. "वरचा राक्षस मारत नाय हो ताई. खातो. दर खेपेला आपल्याकडून दोन पत्ते मागून घेतो आन् गिळतो. पत्ते संपले की आपण संपलो. चार घासांत आटोपलं त्यानं मला."

रूपालीनं आपली गोणपाटं मोजली. मग तिनं पदर खोचला आणि दार उघडलं. राक्षसानं दोन पत्ते मागितले. तिनं दोन गोणपाटं दिली आणि तलवार चालवली. त्यानं पुन्हा मागितले, तिनं पुन्हा गोणपाटं दिली. राक्षस गोणपाटं चावत बसला आणि रूपाली त्याला सवडीनं सोलत गेली. सायली आता हसत नव्हती. ती रूपालीच्या खांद्याला खांदा लावून बसली होती आणि तिचीच मूठ आवळली गेली होती. "दे ताई, अजून एक दे, खाऊ दे मेल्याला!" शेवटचं गोणपाट घशात अडकलेलं असतानाच राक्षस कोसळला. फोनमधून चौघडा वाजला.

रूपालीचे डोळे भरून आले. सायलीनं तिला मिठी मारली आणि म्हणाली, "ताई, त्या दिवशी मी उगंच बोलले बघा." रूपालीनं तिच्या पाठीवर थोपटलं. बारशापासून मनात सलत होतं ते गेलं.

सर्जेरावांचीही छाती फुगली. ते खुर्चीवरून उठले. "निवड कुणाची होती, विचार की," ते कृष्णाला म्हणाले. "आमच्या स्टोअरचा नियमच हाय, माल भरपूर ठेवायचा. बायकांना वाटतं, टाकून द्यावं. पण वेळ आली की..."

"व्हय दादा," कृष्णा म्हणाला. त्याच्या तोंडात पोळी होती.

तेवढ्यात पडद्यावर नवा मजकूर आला. मनोरा जिंकणाऱ्याला बक्षीस. ज्या पत्त्यानं तुम्हाला तारलं, त्याला हवं ते नाव द्या, ते इथून पुढं तसंच राहील. सर्जेरावांनी शर्ट नीट केला. तलवारीवर आपलं नाव कसं दिसेल याचा त्यांनी मनातल्या मनात अंदाज घेतला. रूपाली त्यांच्याकडं बघून हसली. बुधवारनंतर पहिल्यांदाच हसली. मग तिनं सावकाश अक्षरं टाइप केली आणि फोन त्यांच्यापुढं धरला.

फाटक्या गोणपाटाच्या चित्राखाली लिहिलं होतं, 'सर्जेराव'. त्याखाली गेमचं जुनं वर्णन तसंच होतं. एकट्यानं विशेष कामाचं नाही. संकट आलं की पुढं करावं.

सायली पदर तोंडाला लावून खुसूखुसू हसत होती. पुढचं पान उलटलं आणि ती एकदम ओरडली, "ताई, हे बघा, नाव एकाला नाय, दहाच्या दहांना लागलं!"

रूपालीनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं आई गं," ती म्हणाली, "एकच सांभाळता सांभाळता नाकी नऊ आले होते."