डोंगरवालीचं संशयास्पद उत्तर

"मी समोर उभा असतो आणि दिसत नाही. नजर घारीची, कान सशाचे, आणि मेंदूचं म्हणाल तर तसा दुसरा अजून झालेला नाही. खंडाखंडांतल्या गुन्हेगारांना माझी दहशत आहे. त्यांनी ती अद्याप बोलून दाखवलेली नाही, एवढंच."

हे भाऊजींचं स्वतःविषयीचं मत आहे. ते त्यांनी छापून, काचेची चौकट करून बैठकीच्या खोलीत टांगलंय. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. ते समोर उभे असतात आणि दिसत नाहीत हे खरं मानायचं, तर मागचं कपाटही दिसायला हवं, आणि ते काही दिसत नाही. उभा जन्म त्यांनी गाद्या विकल्या. मग दुकान बसलं आणि भाऊजी गुप्तहेर म्हणून उभे राहिले. मी त्यांचा सहायक. ताईच्या घरी राहतो, दोन वेळा जेवतो आणि त्या बदल्यात मान डोलावतो.

गाद्या विकता विकता भाऊजींना एक शास्त्र सापडलं. माणूस झोपतो कसा, यावरून तो जागेपणी काय करेल ते कळतं. उताणा झोपणारा खोटं बोलत नाही. पालथा झोपणारा दुसऱ्यांची पत्रं फोडतो. कुशीवर झोपणारा मात्र काहीही करू शकतो. आता बहुतेक माणसं कुशीवरच झोपतात, त्यामुळे भाऊजींना संशयितांची कधी ददात पडली नाही.

त्या दिवशी सकाळी आम्हाला भूतलसुंदरी स्पर्धेच्या संचालकांनी बोलावलं. स्पर्धेच्या हॉटेलातल्या गाद्या भाऊजींच्या दुकानातल्या होत्या, तेवढ्या ओळखीवर. संचालक म्हणजे घाम आणि अत्तर यांचं समसमान मिश्रण. त्यांनी दार लावून घेतलं.

"प्रश्न फुटलाय," ते म्हणाले. "काल उपांत्य फेरी झाली. प्रश्न मी स्वतः लिहिला होता, पाकिटात घालून लाख लावली होती. तुमच्या गावातली एक गोष्ट बदलायची झाली तर कोणती बदलाल?"

"मग?"

"मग काय, सगळ्या मुलींनी छान उत्तर दिलं. प्रत्येक बालकाच्या डोळ्यांत एक उद्या असतो आणि त्या उद्याला मी माझं हास्य अर्पण करते."

"सगळ्यांनी हेच?" मी विचारलं.

"शब्दन् शब्द. गेल्या वर्षीची विजेती हेच म्हणून जिंकली, त्याच्या आधीचीही. मुलींनी पाठांतर उत्तम केलंय. आणि शेवटी डोंगराळ मुलखाची ती डोंगरवाली आली." संचालकांनी आवाज खाली आणला. "म्हणाली, आमच्या बसथांब्यावरचा बाक बदलेन. फार बुटका आहे, पाठ टेकायलाही काही नाही. आई कामावरून दमून येते, त्यावर बसली की तिला उठवत नाही."

भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं?"

"तेच तर."

"प्रश्न आधी माहीत असल्याशिवाय हे शक्यच नाही."

मी तोंड उघडलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

संचालकांनी संध्याकाळपर्यंत मुदत दिली. पुरावा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी अंतिम फेरीआधी डोंगरवालीच्या खांद्यावरचा पट्टा काढून घ्यायचा, तिने चोरी केली असं कॅमेऱ्यासमोर जाहीर करायचं आणि तिला घरी पाठवायचं, असं ठरलंच होतं. पुराव्यावाचून असं करताना त्यांना वाईट मात्र वाटणार होतं. तसं ते म्हणाले.

तपास सुरू झाला. भाऊजींचा पहिला सिद्धांत असा की उत्तर अंबाड्यातून येतं. अंबाड्यात यंत्र असतं. आम्ही एकेका सुंदरीचा अंबाडा उलगडला. यंत्र निघालं नाही, पण दोघींचे अंबाडे डोक्यापासून सुटे होऊन हातात आले. एकीने किंकाळी फोडली, दुसरीने सराईतपणे तो पुन्हा डोक्यावर ठेवला. दुसरा सिद्धांत निवेदकाच्या पापण्यांचा. तो मंचावर फार पापण्या फडफडवतो, तेव्हा ती सांकेतिक लिपी असणार. भाऊजींनी त्याच्यासमोर बसून फडफड टिपून घेतली आणि तिचा अर्थ लावला तर "ट ट ट प ट" असा मजकूर निघाला. निवेदक म्हणाला की त्याच्या एका डोळ्याची खोटी पापणी नीट चिकटलेली नाही. भाऊजींनी ती ओढून पाहिली. मग दुसरीही ओढून पाहिली, कारण ती खरी असेल यावर त्यांचा विश्वास बसेना.

वाटेत सुंदऱ्यांचं निरीक्षण चालूच होतं. एकजण आरशासमोर आपण जिंकलो असं समजून रडण्याचा सराव करत होती. तोंडावर दोन्ही हात, गुडघे किंचित वाकलेले, डाव्या डोळ्यातून आधी पाणी. शेजारची तिला सांगत होती की उजव्या डोळ्याचा कॅमेरा मोठा आहे, त्या बाजूने रड. इतकं मन लावून मी शाळेत अभ्यास केला असता तर आज मेव्हण्याच्या घरी पडून नसतो.

शेवटी आम्ही डोंगरवालीच्या खोलीत गेलो. ती पलंगावर बसून झग्याची उसवलेली शिवण घालत होती.

"तू झोपतेस कशी?" भाऊजींनी थेट घाव घातला.

"दिवा बंद करून."

"कुशीवर?"

"कधी या, कधी त्या."

"दोन्ही कुशी," भाऊजी मला म्हणाले. "मुरलेली आहे." मग तिच्याकडे वळून, "प्रश्न तुला कुणी सांगितला?"

"निवेदकांनी."

भाऊजींच्या चेहऱ्यावर विजय पसरला. "कबुली. कधी सांगितला?"

"विचारला तेव्हाच."

"निवेदक फितूर," भाऊजी पुटपुटले. "मला पापण्यांवरून वाटलंच होतं."

तिने सुई झग्यात तशीच खोचून आमच्याकडे पाहिलं. "काका, मला हरायचं काही वाटत नाही. इथे आल्यापासून माझं उत्तर ऐकून लोक इतके घाबरतात की मी जिंकणार नाही हे मला कळलंय. पण चोरी केली म्हणून काढलं तर आईने कारखान्यात कसं जायचं? सगळ्या बायका टीव्हीसमोर बसणार आहेत. तिने पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगितलंय."

मला फार वाईट वाटलं. भाऊजींना वाटलं नाही, कारण ते पलंगाखाली शिरून गादीवरचं दुकानाचं नाव वाचत होते.

दुपारी ताई आली. भाऊजी रक्तदाबाची गोळी घरी विसरले होते, ती द्यायला. इतक्या लांबून बस बदलत आलेली, त्यामुळे गोळीपेक्षा तिला दुसरीच घाई होती. मी संचालकांच्या खोलीत भाऊजींचं अंतिम निवेदन ऐकत उभा होतो आणि दार उघडं असल्यामुळे बोळातलं सगळं ऐकू येत होतं.

"बाळा, इथे बाथरूम कुठे गं?" ताईने समोरून येणाऱ्या बेटवालीला विचारलं.

बेटवालीने मान तिरकी केली, सगळे दात दाखवले आणि म्हणाली, "प्रत्येक बालकाच्या डोळ्यांत एक उद्या असतो."

"असेल गं. बाथरूम कुठे आहे?"

"आणि त्या उद्याला मी माझं हास्य अर्पण करते," असं म्हणून बेटवाली हात हलवत पुढे गेली. ताईने मग वाळवंटवालीला गाठलं. तिनेही हास्य अर्पण केलं. तिसरी उत्तर देता देता मधेच अडली, "सॉरी" म्हणाली आणि पुन्हा बालकापासून सुरुवात केली.

तेवढ्यात डोंगरवाली आपली बॅग ओढत खोलीबाहेर आली. तिने सामान आधीच भरलं होतं.

"मावशी, डावीकडे दुसरं दार," ती म्हणाली. "पण कडी लागत नाही. तुम्ही जा, मी बाहेर उभी राहते."

ती खरंच उभी राहिली. थोड्या वेळाने ताई तिचा हात धरून संचालकांच्या खोलीत आली. भाऊजी नेमके त्या वेळी सिद्ध करत होते की डोंगरवाली, निवेदक आणि पाकिटाला लाख लावणारा हे तिघं एकाच कुशीवर झोपतात. लाख संचालकांनीच लावली होती, त्यामुळे तेही अस्वस्थ होते.

"या पोरीला कशाला छळताय?" ताई म्हणाली. "तुम्ही प्रश्न विचारलात, तिने ऐकला, उत्तर दिलं. यात चोरी कसली?"

संचालकांनी कपाळावरचा घाम पुसला.

"ऐकला?" संचालक म्हणाले. "मंचावर? उभं राहून, हसता हसता?"

"हो. कानाने."

"ही शक्यता मी सकाळीच तपासून बाद केली होती," भाऊजी म्हणाले. ताईने त्यांच्या हातात गोळी दिली आणि पाणी प्यायला लावलं.

पट्टा काढून घेण्याचा संचालकांचा बेत बारगळला. पण त्यांचा चेहरा उजळला नाही, उलट अधिकच पडला. "चोरी असती तर काढून टाकता आलं असतं," ते कळवळून म्हणाले. "आता ही आज थेट प्रक्षेपणात पुन्हा ऐकणार. मुली, तू वचन दे, आज तरी लक्ष देऊ नकोस."

"मुद्दाम नाही हो देत," डोंगरवाली म्हणाली. "ऐकू येतं, त्याला मी काय करू?"

ती पुन्हा आत गेली आणि झगा घालून आली. रात्री आम्ही पडद्यामागून सगळा सोहळा पाहिला. परीक्षक एका रांगेत बसले होते आणि त्यातले निम्मे स्वतःचे केस नीट आहेत का ते समोरच्या पडद्यावर बघत होते. बालकं आली, उद्या आले, हास्यं अर्पण झाली. दर उत्तरानंतर निवेदक एकच वाक्य म्हणायचा. मग डोंगरवाली आली.

"जिंकलात तर सगळ्यात आधी काय कराल?" निवेदकाने विचारलं.

"बूट काढेन," ती म्हणाली. "टाचा सोलवटल्यात. मग आईला फोन करेन."

"वा, किती उदात्त विचार," निवेदक म्हणाला. "जगातल्या बालकांसाठी जोरदार टाळ्या."

"मी बुटांबद्दल बोलले."

पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. पडद्यामागे ताई एकटी मोठ्याने हसली आणि एका माणसाने तिला गप्प राहायला सांगितलं.

मुकुट बेटवालीला मिळाला. ती डाव्या डोळ्याने रडली. इतका स्वतंत्र विचार आपण पहिल्यांदाच ऐकला, असं परीक्षकांचे अध्यक्ष म्हणाले. डोंगरवाली शेवटची आली. भाऊजींनी संचालकांना गाठून सांगितलं की निर्दोष माणूस शोधून काढणं हे गुन्हेगार शोधण्यापेक्षा अवघड असतं आणि त्यांनी ते एका दिवसात केलं. संचालकांनी ते मान्य केलं. मला तिथे थांबवेना, मी ताईला शोधत मागच्या जिन्याकडे गेलो.

जिन्यावर डोंगरवाली बसली होती. बूट काढून शेजारी ठेवलेले, पट्टा अजून खांद्यावर. ताई एका पायरीवर खाली बसून तिच्या टाचेला मलम लावत होती आणि ती फोनवर बोलत होती.

"हरले, आई. अगदी शेवटची." पलीकडून बराच वेळ कोणीतरी काहीतरी बोलत होतं. "नाही गं, काढलं नाही. हरले. हो, सगळ्यांसमोर." तिने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले, दोन्ही एकदमच. "सांग ना कारखान्यात. सरळ सांग, माझी मुलगी हरली म्हणून."