हाक देणाऱ्याला सवलत नाही

माणसाला निसर्गाने दोन डोळे फुकट दिले आणि तिथेच जगातल्या सगळ्या क्रीडा मंडळांचे पहिले नुकसान झाले. हे नुकसान भरून काढण्याचा मान दारव्हा तालुक्यातल्या पळसतांड्याला मिळाला, ही जिल्ह्याने अभिमान बाळगावी अशी गोष्ट आहे. (जिल्ह्याला ती अजून कळवलेली नाही. पत्र लिहून तयार आहे.)

पळसतांड्यात दरवर्षी सोयाबीन निघाले की ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी चालवण्याची स्पर्धा होते. ट्रॅक्टर सरळ कोणीही चालवतो, त्यात काही पुरुषार्थ नाही. मागे ट्रॉली जोडून दोनशे फूट उलटे जायचे, नागमोडी रोवलेल्या बांबूंना धक्का लावायचा नाही आणि शेवटी चुन्याने आखलेल्या चौकोनात ट्रॉली नेऊन ठेवायची, याला मात्र डोके लागते. उलटे जाताना स्टिअरिंग डावीकडे फिरवले की ट्रॉली उजवीकडे निघते. या बाबतीत ती पुष्कळशी ग्रामसभेसारखी आहे.

ट्रॉलीचा मागचा फाळका उंच असतो. चालवणाऱ्याला त्याच्या पलीकडचे काही दिसत नाही. म्हणून मागे एक माणूस उभा राहतो आणि हाक देतो : येऊ दे, येऊ दे, डाव्या अंगानं, बस. ट्रॅक्टरवाला त्या आवाजावर डोळे मिटून विश्वास टाकतो. असा विश्वास तांड्यात इतरत्र कुठे टाकल्याची नोंद नाही.

वर्षा राठोडच्या मागे हाक द्यायला तिचा बाप असे. देवीलाल राठोड हा शाळेत कारकुनी करून निवृत्त झालेला, जेवताना भाजी हवी असली तरी भाजीकडे नुसता बघत राहणारा माणूस. बायको बिजलीबाई म्हणायची की या माणसाचा आवाज ऐकायचा तर वर्षातून एकदा मैदानावर जावे लागते. ते खरे होते. फाळक्यामागे उभा राहिला की देवीलालचा आवाज पार नाल्यापलीकडे जाई. मग वर्षभर तो त्या आवाजाबद्दल मनातल्या मनात शरमत असे.

यंदाच्या स्पर्धेत देवीलालच्या घराचे बरेच काही अडकले होते. ट्रॅक्टर थोरल्या भावाचे, म्हणजे खेमसिंगचे. खेमसिंग तांड्याचा नाईक आणि मंडळाचा अध्यक्ष. हंगामात ट्रॅक्टरची चावी त्याच्या मुलाकडे, सुनीलकडे, असे. सुनीलने दोन वर्षांत शाळेचे फाटक, एक विजेचा खांब आणि स्वतःच्याच घराची ओसरी पाडली होती. वर्षाने काहीच पाडले नव्हते, म्हणून तिचे नाव कोणाच्या तोंडी नव्हते. शेवटी तिने काकाकडे चावी मागितली. खेमसिंग पारावर पाच माणसांदेखत म्हणाला, “ढाल आण घरात. यंदाची चावी तुही. नाही आनली तर मंग इषय काढजो नको.” पाच माणसांदेखत बोललेले नाईकाला गिळता येत नाही. आता फक्त स्पर्धा जिंकून बक्षिसाची ढाल आणायची राहिली होती.

अशा वेळी देवीलालचा भाचा राजकुमार पुण्याहून आला.

राजकुमार पुण्यात मार्केटिंगमध्ये होता. (मार्केटिंगमध्ये म्हणजे नेमका कुठे, हे तांड्याने चारदा विचारले. चारही उत्तरे वेगळी आणि समाधानकारक होती.) त्याने स्पर्धा मोबाईलवर थेट दाखवायची योजना मांडली आणि आधी शास्त्रोक्त पाहणी केली. दोनशे चौदा जणांना विचारले, मोबाईलवर स्पर्धा पाहाल का? दोनशे अकरा जण म्हणाले, फुकट असली तर पाहू. तिघांनी विचारले, कोणती स्पर्धा? यावरून सशुल्क प्रक्षेपणाला ९८.६ टक्के मागणी असल्याचे सिद्ध झाले.

दरपत्रक देवीलालने सुवाच्य अक्षरात लिहिले, कारण तो मंडळाचा सचिव होता. सचिव होता, कारण अक्षर सुवाच्य होते.

साधा प्लॅन एकोणपन्नास रुपये : यात ट्रॅक्टर दिसेल, ट्रॉली दिसणार नाही. परिवार प्लॅन नव्व्याण्णव : यात ट्रॉलीही दिसेल, मात्र पाहणारे एका चुलीवर जेवणारे हवेत. (या अटीपायी तांड्यातल्या चार वाटण्या तात्पुरत्या रद्द झाल्या. जे काम कोर्टाला जमले नव्हते ते पन्नास रुपयांच्या फरकाने केले.) प्रीमियम एकशे नव्व्याण्णव : यात आवाज आणि निकाल मिळेल. प्रीमियम प्लस दोनशे नव्व्याण्णव : यात मध्ये जाहिराती येणार नाहीत. जाहिराती मुळात नव्हत्याच. मग इतर प्लॅनवाल्यांना फरक कळावा म्हणून भीमसिंगच्या किराणा दुकानाची एक जाहिरात मुद्दाम तयार करून घेतली. त्यात भीमसिंग गुळाची ढेप हातात घेऊन दीड मिनिट उभा राहतो.

पहिल्या आठवड्यात सात प्लॅन विकले गेले. राजकुमारने कारण शोधले तेव्हा कळले की बाजारात एक बलाढ्य प्रतिस्पर्धी आहे : मैदानाचा बांध. लोक बांधावर बसून फुकट पाहतात, आणि बांधावरून चित्र अडकत नाही. तेव्हा मैदानाभोवती बारा फूट उंच हिरवी जाळी लावण्यात आली. तीनच दिवसांत प्लॅनची संख्या चारशेवर गेली. लोक जाळीबाहेर बसून मोबाईलवर जाळीआतले पाहणार होते. तेवढ्यासाठी घरून चटया आणणार होते, कारण स्पर्धा समोर बसून पाहण्यात जी मजा आहे ती घरी नाही.

राहता राहिले जाळीआतले फुकटे : पंच, पाण्याचा टँकरवाला आणि हाक देणारे. पंचांना परिवार प्लॅन सवलतीत दिला. टँकरवाल्याने डोळ्यांवर दुपट्टा बांधायचे कबूल केले. देवीलालने नियमावलीत कलम अकरा लिहिले : “हाक देणाऱ्यास स्पर्धा विनामूल्य पाहण्याची मुभा राहील.” कलम चांगले होते, फलकावर दोन दिवस टिकले. त्या दोन दिवसांत नऊ ट्रॅक्टरांना हाक देण्यासाठी सहाशे चाळीस अर्ज आले. त्यात एक अर्ज पोस्टमनचा होता आणि दोन अर्ज ज्यांना ऐकू येत नाही अशांचे होते.

“मामा, एकाले फुकट देलं तर उद्या अख्खं दारव्हा हाक द्याले येईन,” राजकुमार म्हणाला. मग शुद्ध पुणेरीत म्हणाला, “धोरण सगळ्यांना सारखं हवं.”

देवीलालला काहीतरी म्हणायचे होते. पण आपल्यालाच समजत नसेल, पोरगा पुण्यात राहिलेला आहे, असा विचार करून त्याने पेन उचलले. सुधारित कलम अकरा असे झाले : “हाक देणाऱ्याने पाठ मैदानाकडे व तोंड मोबाईलकडे ठेवून, वैध प्लॅनद्वारेच ट्रॉलीचे अवलोकन करावे. उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास चालक अपात्र.” ‘अवलोकन’ हा शब्द त्याने स्वतः घातला होता. तेवढ्यापुरते त्याला बरेही वाटले.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी वर्षाने ट्रॅक्टरचे तेल पाहता पाहता सांगितले, “बा, तू मोबाईल नको पाहू. मले पाह्य.”

“कलम माह्याच हातचं आहे, बाई.”

“मंग खोडता बी येते तुले.”

देवीलालने खिशातले पेन चाचपले. पेन होते. पुढे काही झाले नाही.

आता एक तांत्रिक बाब. मैदानातले चित्र कॅमेऱ्यातून निघते, कुठल्याशा परदेशातल्या यंत्रात जाते, थोडे तिथे थांबते आणि दारव्ह्याच्या टॉवरला लागून पळसतांड्यात परत येते. या प्रवासाला अडतीस सेकंद लागतात. एवढ्या लांबून येणाऱ्या पाहुण्याला ही वेळ काहीच नाही.

पहिला नंबर सुनीलचा होता. मागे हिरासिंग पाठ करून, मोबाईल डोळ्यांजवळ धरून उभा. सुनील निघाला. हिरासिंगच्या मोबाईलवर सुनील अजून टोपी नीट करत होता. त्यामुळे हिरासिंग प्रामाणिकपणे ओरडत राहिला, “येऊ दे... येऊ दे... अबे येऊ दे ना, काहून थांबला?” सुनीलने आणखी येऊ दिले. अकरा बांबू, चुन्याचा चौकोन आणि हिरवी जाळी पार करून ट्रॉली बाहेर बसलेल्या प्रेक्षकांपासून दोन हातांवर थांबली. एकही माणूस जागचा हलला नाही. त्यांच्या मोबाईलवर तसे काही झालेले नव्हते. अडतीस सेकंदांनी सगळे एकदम उठून शिस्तीत पळाले.

पुढच्या सात ट्रॅक्टरांचे साधारण असेच झाले. भीमसिंगचे ट्रॅक्टर सुरूच झाले नाही.

शेवटी वर्षा. ट्रॅक्टर तेच, घरचे. जाळीचा एक तुकडा अजून ट्रॉलीला लोंबत होता. देवीलालने नियमाप्रमाणे पाठ केली, मोबाईल समोर धरला. मोबाईलवर भीमसिंग गूळ घेऊन उभा होता. मागे इंजिनाचा आवाज चढला. त्याला वाटले, आपण चुकतो आहोत. मग वाटले, नेहमी वाटते तसेच वाटते आहे, त्यात काही अर्थ नसेल. ट्रॉलीचा खडखडाट जवळ येऊ लागला. भीमसिंग हसत होता.

देवीलाल वळला.

डावे चाक पहिल्या बांबूपासून चार बोटांवर होते. वर्षाचा कोपर तेवढा फाळक्याच्या कडेने दिसत होता, आणि तो कोपर थांबलेला होता. ती हाकेची वाट पाहत होती.

“उजव्या अंगानं,” देवीलाल नाल्यापलीकडे जाईल असा ओरडला, “येऊ दे. येऊ दे. येऊ दे वो माय, येऊ दे.” कोपर हलला. ट्रॉली बांबूंमधून अशी आली की जणू तिलाच रस्ता ठाऊक होता. शेवटचे “बस” म्हणताना त्याचा आवाज फुटला. चारही कोपऱ्यांना चुना जसाच्या तसा होता. एक मिनिट चार सेकंद.

पंचांनी मोबाईलवर सगळे संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग आक्षेप घेतला. राजकुमार अदबीने आला. म्हणाला, मामा, नियम तुमचाच आहे, पण मार्ग निघेल : आता प्रीमियम प्लस घ्या, मागच्या वेळेपासून लागू करतो. देवीलालचा हात खिशाकडे गेला.

“बा,” वर्षा ट्रॅक्टरवरूनच म्हणाली, “पैसे देऊ नको. माह्या बापाले मले पाहाले पैसे पडले, असं नको होऊ देऊ.”

देवीलालने हात खिशातून काढला. रिकामा.

खेमसिंगने लोकशाही मार्गाने मत घेतले. वर्षाला पात्र ठरवावे असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करावेत. जाळीबाहेर एकही हात वर झाला नाही, तेव्हा ठराव फेटाळण्यात आला. अडतीस सेकंदांनी चारशे हात वर झाले, परंतु तोवर कामकाज पुढे गेले होते. ढाल भीमसिंगला मिळाली, कारण त्याने एकही बांबू पाडला नव्हता.

यानंतर एक किरकोळ अडचण उद्भवली. पाहुण्यांचे व्यासपीठ फाटकातच बांधलेले असल्याने नऊही ट्रॅक्टर सुनीलने पाडलेल्या भगदाडातून उलटीच बाहेर काढावी लागणार होती. प्रक्षेपण संपले होते, म्हणून हाक देणाऱ्यांना पाहायला काही नव्हते. कलम अकरा मात्र चालू होते. नऊ माणसे मैदानाकडे पाठ करून काळ्या पडद्याकडे पाहत उभी राहिली. उघड्या डोळ्यांनी पाहून ज्याचे आणखी काही बिघडणार नव्हते असा एकच माणूस तिथे होता. देवीलालने हाक दिली आणि वर्षाने नऊच्या नऊ ट्रॅक्टर एकामागून एक बाहेर काढली. भीमसिंगचे ढकलून सुरू करावे लागले. ढाल त्याच्या बॉनेटवर होती.

शेवटी घरचे ट्रॅक्टर. वर्षा खाली उतरली, चावी हातात. खेमसिंगने हात पुढे केला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मग त्याने पागोटे नीट केले.

“उद्या हिरासिंगच्या वावरात जायचं आहे,” तो म्हणाला. “सात वाजता जाजो. उशीर नको करू.”

बिजलीबाई जाळीबाहेर होती. परिवार प्लॅनवर नेमक्या त्या वेळी गूळ आला होता, त्यामुळे लेकीची फेरी तिला दिसली नव्हती. जेवताना तिने नवऱ्याला विचारले, “कशी चालवली वो पोरीनं?” देवीलाल सांगू लागला. भाजी मागायला विसरला, पोळी वाळून गेली, तरी सांगतच होता. मध्ये दोनदा तो हाकेच्या आवाजात बोलला. शेजारचे उठून आले आणि ऐकत बसले.

मंडळाने वर्षाच्या त्या फेरीची क्लिप ‘अपात्र’ या नावाने काढली आहे. हा पाचवा प्लॅन, किंमत चारशे नव्व्याण्णव. प्रत्यक्ष काय घडले हे वर सगळे सविस्तर आलेच आहे. तरीही वाचता वाचता ती क्लिप कुठे मिळेल असे ज्यांच्या मनात येऊन गेले, त्यांना राजकुमारने मागणीत आधीच धरले आहे.