मी नाहीच असं समजा!

लग्नात फोटो काढायचे ते कुणाला कळू न देता, हे माझं तत्त्व! 'जरा हसा', 'मान वाकडी करा', 'मामा, पोट आत घ्या' असले प्रकार मी करत नाही. माणूस बेसावध असतो तेव्हाच खरा दिसतो, असं मी चारचौघांत ठणकावून सांगत असे. सांगत असे म्हणजे मेव्हणीचं लग्न होईपर्यंत.

सासूबाईंना नेहमीचा, सगळ्यांना ओळीत उभं करणारा फोटोग्राफर हवा होता. बायको माझ्यासाठी त्यांच्याशी आठ दिवस भांडली. "याच्यासारखे फोटो कुणी काढत नाही, आई! दुसऱ्याला बोलावलंस तर मी लग्नाला येणार नाही!" शेवटी सासूबाई नमल्या. म्हणजे आता माझ्यापेक्षा बायकोचीच अब्रू पणाला लागली होती.

आदल्या दिवशी मी सगळ्या घराला समोर बसवून बजावलं, "उद्या मी नाहीच असं समजायचं! माझ्याकडे बघायचं नाही, माझ्याशी बोलायचं नाही. मी मुद्दाम आवाज करीन, ओरडेनसुद्धा. चेहऱ्यावरचे खरे भाव टिपायचे तर तेही करावं लागतं. पण ढुंकूनही बघायचं नाही!"

सासरे आयुष्यभर शाळेत कवायतीचे मास्तर. ते गरजले, "ऐकलंत ना? जो बघेल त्याला उद्या जेवण नाही!"

हॉलमध्ये स्टेजच्या बाजूला खुर्च्या ठेवायची खोली होती. दाराला आडव्या फटी. मी कुणाला दिसणार नाही, मला मात्र सगळं दिसेल! मोबाइल बंद करून बायकोकडे दिला आणि आत शिरलो. दार नीट लागत नव्हतं, सारखं उघडत होतं. मी खुर्च्यांवरून पलीकडे जागा शोधत होतो, तेवढ्यात बाहेरून खट्! कडी!

बघतो तर वरच्या सगळ्या फटी रंगाने बुजलेल्या. उघड्या होत्या त्या तळाच्या दोन. पोटावर पडून कॅमेरा लावला. पाय! नुसते पाय!

मी दार ठोठावलं. "अहो, उघडा! मी अडकलोय!"

"कुणीही बघू नका!" बाहेर सासऱ्यांचा आवाज. "त्याचं काम चाललंय!"

"काम नाही हो! खरंच अडकलोय!"

"काय हुबेहूब ओरडतात भाऊजी!" मेव्हणीचं कौतुक ऐकू आलं.

मी लाथा मारल्या. खुर्च्या आपटल्या. "फार कष्ट घेतो हो बिचारा," एक काकू म्हणाल्या. मग टाळ्या वाजल्या, म्हणजे लग्न लागलं असावं. मला अक्षरशः रडू फुटलं. रडत रडत मी पाय टिपत राहिलो, दुसरं करणार काय! त्यातही निळ्या सँडलचा एक जोड दाराला खेटून उभा, तो काही केल्या हलेना. दोन तासांनी सगळे जेवायला गेले आणि खुर्च्या ठेवायला आलेल्या माणसाने मला बाहेर काढलं. काय झालं ते त्या दिवशी कुणाला सांगायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे टीव्हीसमोर फोटो बघायला जमले. पाय झाले, आणखी पाय झाले.

"जावईबापू, चेहरे कधी सुरू होतात?" सासूबाईंनी विचारलं.

मी काय झालं ते सांगून टाकलं. हसलं कुणीच नाही. मेव्हणी डोळ्यांना रुमाल लावून आत निघून गेली. सासूबाई बायकोकडे नुसत्या बघत राहिल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आणि अशा वेळी माणूस करतो तेच मी केलं. दुसऱ्यावर ढकललं!

"कडी कुठल्या शहाण्याने लावली कोण जाणे! आणि या निळ्या सँडलवाल्या बाई! त्या जरा बाजूला झाल्या असत्या तर निदान स्टेज तरी दिसलं असतं!"

"कडी मी लावली," बायको म्हणाली. "दार सारखं उघडत होतं आणि तू दिसत होतास. आणि सँडलही माझ्याच आहेत. कुणी मधे येऊन तुला त्रास देऊ नये म्हणून तिथेच उभी राहिले."

"दोन तास?"

"हो. पुढे ही गर्दी, मला काहीच दिसत नव्हतं. म्हटलं, जाऊ दे. तुझ्या फोटोंत बघीन."

गडबडीत हातातल्या रिमोटचं बटण दाबलं गेलं आणि पुढचा फोटो आला. त्यातही तिचेच पाय होते.