शववाहिकेचं मागचं वजन

शनिवारी दुपारी दोन वाजता नायडेनला मूठमाती देऊन झाली आणि रादोयने रिकामी शववाहिका कबरस्तानाच्या फाटकातून मागे घेतली. आरशात बघत. इथेच चुकलं. कबरस्तानातून परतताना मागे बघितलं तर मेलेला सोबत येतो, हे रोडोपीच्या डोंगरात पोराटोरांनाही ठाऊक आहे. म्हणून एरवी तो गाडी आधीच वळवून ठेवी. आज विसरला.

"आरसा चालतो," शेजारी बसलेला गॅरेजवाला वेल्को म्हणाला.

"पाद्र्याला विचारलंस?" पलीकडून नायडेनच्या बायकोने, गिनाकाकूंनी विचारलं.

उतारावर ओला पाचोळा होता. पहिल्या वळणावर रादोयने ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी थांबली.

"वेल्कोदादा, शवपेटी होती तेव्हा असाच लागत होता ब्रेक. तुझा तो नवा व्हॉल्व्ह अडकलाय."

व्हॉल्व्हचं काम सोपं होतं. मागे वजन पडलं की गाडी दबते, खालची दांडी वर सरकते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा पूर्ण दाब मिळतो. गाडी रिकामी झाली की दाब कमी; नाहीतर चाकं अडकून गाडी गरकन फिरते.

"अडकला असता तर एव्हाना आपण दरीत असतो," वेल्को दुखावून म्हणाला. "घसरली का गाडी? नाही ना? म्हणजे मागे वजन आहे."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

"किती?"

"जातानाइतकंच. पेटी सोडून."

"मग बघ की मागे."

"तू बघ. आरशात तू बघितलंस."

"कुणी बघायचं नाही," गिनाकाकू म्हणाल्या. "एकदा झालं तेवढं पुरे."

उरलेली वळणं तिघं मान ताठ ठेवून उतरली. मागची फळी एकदा करकरली, कुणी कूस बदलावी तशी.

गिनाकाकूंच्या दारात हात धुऊन झाल्यावर वेल्को गाडीखाली शिरला. दांडी वर होती, पण बोट लावताच सुटी हलत होती. गाडीचे स्प्रिंगचे पाटे खरोखरच दबलेले होते. रादोयने मागचं दार उघडलं. आत दोन पाकळ्या पडलेल्या, बाकी काही नाही.

गिनाकाकूंनी ओले हात ॲप्रनला पुसले.

"उतर," त्या रिकाम्या गाडीला म्हणाल्या. "जन्मभर हेच. हाकलल्याशिवाय कुठून उठला नाही. आणि चिखलाचे पाय पुसून ये."

गाडी चार बोटं वर आली. दांडी खाली घसरली.

"व्हॉल्व्ह ठीक आहे," वेल्को गाडीखालून बारीक आवाजात म्हणाला.

सोमवारी ब्रेक पुन्हा तपासला. रिकाम्या गाडीला हवा तेवढाच दाब. रादोय आता गाडी न चुकता आधी वळवून ठेवतो. काल दोघं काकूंकडे कॉफीला गेले होते. अंगणातलं बाकडं डाव्या बाजूने दबलेलं दिसलं. वेल्को तिकडे टेकणार, तोच काकू म्हणाल्या, "जरा पलीकडे सरकून बस."

वेल्कोने कॉफी उभ्यानेच घेतली.