पेडण्याची निर्मोही खाद्यसफर

अन्नाची निष्पक्ष पारख न खाणारा माणूसच करू शकतो. खाल्लेल्या माणसाचे मत पोटाकडे झुकते, आणि पोट हे कोणत्याही समितीचे अधिकृत सदस्य नसते.

हे तत्त्व आमच्या पेडण्याच्या बाजार-उत्कर्ष मंडळाने एकमताने मान्य केले, त्याला कारण मोप्याचा विमानतळ. विमानातून उतरलेले पाहुणे आमच्या अंगणावरून जावे तसे थेट समुद्राकडे निघून जातात. वाटेत पेडणे लागते याची त्यांना खबरही नसते. त्यांना बाजाराकडे वळवण्यासाठी मंडळाने 'खाद्यसफर' ठरवली. खाण्याची पाच ठिकाणे निवडायची, त्यांच्या दारावर निळी पाटी ठोकायची, आणि पाहुण्यांनी पाटीमागून पाटी चालत खात जायचे. ज्यांना पाटी मिळणार नाही त्यांनी आपले गाडे मासळी बाजाराच्या मागे न्यायचे. तिथे जागा प्रशस्त आहे (माणसे येत नाहीत).

प्रश्न परीक्षकाचा होता. मंडळाचे अध्यक्ष गोकुळदासबाब सरळ माझ्या घरी आले. माझा सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, बुधवार विठोबाचा, गुरुवार दत्तगुरूंचा, शुक्रवारी आंबट वर्ज्य, शनिवार मारुतीचा आणि रविवार अळणी. शिवाय मार्गशीर्षात उद्यापन होईपर्यंत बाहेरचे शिजवलेले काही तोंडात घालायचे नाही, असा देवीसमोर संकल्प सोडलेला.

"सुमंगलावहिनी, तुम्हीच पाहिजेत," ते म्हणाले. "खाणाऱ्याला बसवलं तर उद्या लोक म्हणतले, ह्यांना भजी चारून पाटी घेतली."

"पण मला चव कशी कळणार?"

"कळली तरच पंचाईत, वहिनी."

मला देवीचीच इच्छा दिसली. मी हो म्हटले.

गुणांची वाटणी मंडळाने फार विचारपूर्वक केली होती. पाटीला शोभेल अशा भिंतीला तीस, फोटोपुरत्या उजेडाला तीस, पंख्याला वीस, मालकाच्या नम्रतेला वीस. चवीला गुण नव्हते, कारण चवीचा पुरावा परीक्षणाअंती शिल्लक राहत नाही. मात्र परीक्षकाच्या व्रताला धोका पोहोचवणे हा गुन्हा धरला होता. माझ्या दर आवंढ्यामागे दहा गुण वजा. आवंढे मोजायला गोकुळदासबाब स्वतः माझ्या गळ्याकडे नजर लावून शेजारी चालत. (एरवी हे बरे दिसले नसते, पण गळ्यात त्यांनी ओळखपत्र अडकवले होते.)

पहिला क्रमांक सिद्धेशच्या 'गावठी चूल'ला मिळाला, आणि तो न्याय्यच होता. सिद्धेश पूर्वी न्हाणीघराच्या फरशा विकत असे, त्यामुळे भिंतींना तोड नव्हती. दारातच काचेआड मातीची चूल मांडलेली, कधी न पेटवलेली, म्हणून अतिशय स्वच्छ. करवंटीतून माझ्यासमोर शाकुती, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा, ठेवण्यात आली. मी नाक खाली नेले. वास नाही. पुन्हा नेले. नाही. एकही आवंढा आला नाही. इतके निर्मोही अन्न मी देवळाच्या भोजनातही पाहिलेले नाही.

त्यानंतर पार्वतीचा गाडा.

पार्वती बसस्टँडच्या कोपऱ्यावर पातळ भाजी आणि पाव विकते. माहेर डिचोलीचे. नवरा खाणीवर होता, आणि खाण बंद पडल्यापासून तिचे घर त्या एका कढईवर चालते. आम्ही कोपऱ्याकडे वळलो तेव्हा ती भाजीला वरून फोडणी देत होती. खोबरेल तापले, मोहरी तडतडली, हिंग, कढीलिंब, लाल मिरची, आणि ती सगळी चुरचुर वाटाण्याच्या रश्शावर ओतून तिने झाकण ठेवले. पोदेराच्या भट्टीतले उंडे पाव अजून गरम होते.

गाड्यापर्यंत पोचायच्या आतच ती उणे साठवर गेली. त्यात गोकुळदासबाबांचेही दोन आवंढे होते. ते कोणाच्या नावावर टाकायचे याची नियमात तरतूद नव्हती, म्हणून पार्वतीच्या नावावर टाकले.

मी तिला हलक्या आवाजात निकाल सांगितला. (वाईट बातमी मोठ्याने सांगणे माझ्या स्वभावात नाही.) तिने झारा खाली ठेवला.

"गे सुमंगलाबाय, उपास तुजो, आणि शिक्षा माका कित्याक?"

"मनात काही नाही हो पार्वती. नियम आहे."

"एक घास तरी खा मगे! खाऊन वायट म्हण, मी मुकाट जातंय."

"व्रत आहे माझं."

"आणि ह्या भाटकाराचा?" तिने हनुवटी गोकुळदासबाबांकडे केली. "हो सकाळी दोन पाव हाणून गेलो तेचा काय?"

गोकुळदासबाबांनी खुलासा केला की सकाळी ते अध्यक्ष नव्हते, गिऱ्हाईक होते.

गाडा मासळी बाजाराच्या मागे गेला. पण माझी देवळाची वाट तिकडूनच जाते. प्रदक्षिणेच्या वेळी मोहरीचा वास गाभाऱ्यापर्यंत येऊ लागला आणि माझा जप दोनदा चुकला. तिला आणखी हलवणे मला माणुसकीचे वाटले नाही, म्हणून मी फक्त फोडणी बंद करण्याची विनंती केली. मंडळाने ती त्याच बैठकीत मंजूर केली. महिन्याभरात गिऱ्हाईक आपोआप शिस्तीत आले, म्हणजे यायचे थांबले. पार्वतीने कढई विकली.

कोणी उपाशी राहू नये ही मंडळाची भूमिका असल्याने सिद्धेशने तिला ठेवून घेतले. ती आता 'गावठी चूल'मध्ये काचेआड, न पेटलेल्या चुलीपाशी नऊवारी नेसून बसते आणि पाहुण्यांकडे बघून फुंकणी फुंकते. पाहुणे फोटो काढतात. मधल्या वेळात ती आत भाजी शिजवते.

मार्गशीर्षात माझे उद्यापन झाले. संकल्प पुरा झाला तशी मी कोणाला न सांगता सिद्धेशकडे गेले आणि पातळ भाजी मागितली. पार्वतीनेच आणून ठेवली. पहिला घास घेतला, दुसरा घेतला.

"पार्वती, फोडणी?"

"तूच बंद केलंस मगे. नोकरयेच्या कागदार लिवलाहा." तिने पदराने टेबल पुसले. "आता ह्या भाजयेन कोणाचोच उपास मोडूचो नाय. खा सावकाश."

मी ताट स्वच्छ केले. अन्न टाकत नाही मी. डोळ्यांत पाणी आले ते मिरचीने म्हणावे, तर मिरचीही फोडणीतच असते.

बाकी सफर उत्तम चालली आहे. 'गावठी चूल'ला फोनवरून पाच तारे देणाऱ्यांची संख्या पेडण्याच्या लोकसंख्येच्या पुढे गेली. त्यांतले प्रत्यक्ष जेवून गेलेले एका टेबलाभोवती बसतील. उरलेले तारे अंथरुणात पडल्या पडल्या, भिंतीचा फोटो पाहून, वाचकहो, आपणच दिलेले आहेत. मंडळ आपले ऋणी आहे.

मी आता खाल्ले असल्याने अपात्र ठरले. परीक्षकाची जागा रिकामी आहे आणि आपल्याइतका अनुभवी उमेदवार आमच्या नजरेत नाही. फक्त एक खात्री करून घ्यावी. वर ती मोहरी तडतडली तेव्हा आपण आवंढा गिळला असेल, तर प्रामाणिकपणे कळवावे.

तो पार्वतीच्या नावावर टाकू.