हातभर शिंगाचं मत

एका जंगलात जे झालं त्याला केरबाआबा जबाबदार होता, हे आधीच सांगून टाकतो. मोठी माणसं गोष्ट सांगताना दोषी शेवटपर्यंत लपवतात, कारण तो बहुतेक त्यांच्याच वयाचा असतो.

तर मुलांनो, केरबाआबा म्हणजे सांबरांचा म्हातारा पुढारी. त्या जंगलात एकच पाणवठा होता. तिथे आधी कुणी प्यायचं हे सभेतला प्रतिनिधी ठरवायचा, आणि प्रतिनिधी निवडायचे फक्त अकरा गवे.

एक करकोचा दर हिवाळ्यात विलायतेहून यायचा. त्यानं सांगितलं होतं की तिकडे ज्याचं घरदार, त्यालाच मत. इथे घरदार कुणालाच नव्हतं, म्हणून शिंग धरलं. हातभर लांब, आणि न गळणारं. ज्याला शिंग त्याला अक्कल, असं गव्यांचं मत होतं, आणि मत तेवढं त्यांनाच होतं.

गवे आधी प्यायचे, मग त्यातच लोळायचे. बाकीच्यांना चिखल उरायचा.

आबाची नात गोजरी गाभण होती. भर उन्हाळ्यात पाडस दुधावर असणार, आणि पाणी नाही तर दूध नाही. तिनं भेकरं, ससे, हरिणी गोळा केल्या आणि सगळ्यांना मताचा हक्क मागितला. मोर्चा निघाला. पुढे कोण चाललं? आबा. वय झालेलं असलं की पुढे चालायला मिळतं.

गवे घाबरले. त्यांच्या म्होरक्यानं, म्हणजे सरकारांनी, आबाला एकट्याला मोहाची फुलं खायला बोलावलं.

"आबा, तुमच्यासारख्या शिंगवाल्यानं या उंडग्यांबरोबर ओरडत फिरावं? गळणारी शिंगंपण मोजू आम्ही. बिनशिंग्यांचं तेवढं सोडा."

आबानं हिशेब केला. गवे अकरा, शिंगवाले सांबर एकोणीस. म्हणजे प्रतिनिधी आपणच. त्यानं बिनशिंग्यांना सोडलं. वर स्वतःचं एक कलमही घातलं. मोर्चातले काही ससे गळून पडलेली शिंगं डोक्याला बांधून आले होते, त्याचा त्याला फार राग होता. म्हणून कलम असं: मतदानादिवशी शिंग डोक्यातूनच उगवलेलं दिसलं पाहिजे.

सरकार म्हणाले, फार छान, तारीख तेवढी आम्ही घालतो. त्यांनी चैत्रातली पौर्णिमा घातली.

गोजरीला हे कळलं तेव्हा तिनं एकच विचारलं. "आबा, चैत्रात तुमची शिंगं कुठं असतात?"

"मोठ्यांच्या कामात तोंड घालू नको. आमचं मत म्हणजे तुमचंच की."

बारा वर्षं दर चैत्रात आबाची शिंगं गळत होती. पण कलम लिहिताना ती डोक्यावर होती. जे आज डोक्यावर आहे ते कायमचं, असं सगळ्याच वडीलधाऱ्यांना वाटतं.

पौर्णिमेला एका खडकावर चढून, सगळ्यांदेखत, नाव ओरडून मत द्यायचं होतं. खाली कारकून वानर वेळूची काठी घेऊन शिंगं मोजत बसला होता. अकरा गवे ओरडून गेले. मग सांबर आले. एकोणीस टकली डोकी. आबानं आपली शिंगं तोंडात धरून आणली होती, त्यामुळे त्याला बराच वेळ बोलताच येईना. शेवटी त्यानं ती खाली ठेवली.

"ही माझीच आहेत. कुणालाही विचारा."

वानरानं कलम वाचून दाखवलं आणि विचारलं, हे घातलं कुणी?

"मी."

"चांगलं घातलंय," वानर म्हणाला. "व्हा बाजूला."

अकरा विरुद्ध शून्य. नव्या प्रतिनिधीनं पहिल्याच दिवशी नियम केला: बिनशिंग्यांना तीन दिवसांतून एकदा पाणी, तेही गवे लोळून झाल्यावर.

आबानं सभा घेतली. हा आपला नैतिक विजय आहे, गळणाऱ्या शिंगांना तत्त्वतः मान्यता मिळाली आहे, असं तो तासभर सांगत होता. गोजरी ऐकायला नव्हती. ती पाडसाला घेऊन रांगेत उभी होती.

तात्पर्य: मुलांनो, मताचा हक्क अनुभवी मंडळींकडेच असावा. तरुणांना दिला तर ते नुसतं पाणी मागत बसतात.

आबाची शिंगं पावसाळ्यात परत आली, आधीपेक्षा दोन बोटं लांब. पणतू वैशाखातच गेला.