चौथ्या मजल्याचा तथाकथित एक इंची पाईप

येरवड्याच्या पुढे, जिथे पूर्वी जयसिंगरावांचा कांद्याचा मळा होता, तिथे आता शीतलधारा सहकारी गृहरचना संस्था उभी आहे. या संस्थेच्या चौथ्या मजल्यावर पाणी येत नसे. ही गोष्ट संस्थेने कधीही नाकारली नाही. दरवर्षीच्या सर्वसाधारण सभेत ती गांभीर्याने मान्य केली जाई, आणि मान्य केल्याबद्दल चौथ्या मजल्याने संस्थेचे आभार मानावेत, एवढीच माफक अपेक्षा असे.

चौथ्या मजल्यावर बद्रीनाथ आणि वेणूबाई राहत. शेजारच्या घराला कुलूप होते, त्यामुळे आभार मानण्याचा सगळा भार या दोघांवर पडे. बद्रीनाथ मूळचे वाशीमकडचे. तरुणपणी पुण्यात आले आणि खडकीच्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागले. कामगारांनी केलेला नग हातात घ्यायचा, मापाला लावायचा आणि केसभर जरी कमीजास्त भरला तरी बाजूला फेकायचा, हे त्यांचे काम. त्यांच्याइतके नग कुणीच फेकले नव्हते. निरोप समारंभात साहेबांनी तसे बोलूनही दाखवले, तेव्हा लेथवरच्या कामगारांनी जरा जास्तच मनापासून टाळ्या वाजवल्या. निवृत्तीनंतर मात्र फेकण्याजोगे काही उरले नव्हते. घरातली भाजी ते निवडून देत, पण त्यात मेथीची जुडी अर्धी व्हायला लागल्यावर वेणूबाईंनी तेही काम काढून घेतले.

अशात लेकीला, नम्रताला, सातवा लागल्याचा फोन आला. पहिले बाळंतपण माहेरीच व्हायचे, यात वादाला जागा नव्हती. वेणूबाईंनी नवऱ्याला स्वच्छ सांगितले.

"पुढच्या महिन्यात पोर येईल. त्याआधी मोरीत धार पडली पाहिजे. बाळ-बाळंतिणीच्या न्हाण्याचं पाणी मी खालून बादल्यांनी आणणार नाही. माझे गुडघे तुमच्या कारखान्यात तपासायला दिले असते, तर तुम्ही कधीच फेकले असते."

बद्रीनाथांना ते पटले. त्यांनी रामदास प्लंबरला बोलावले. गच्चीवरच्या टाकीपासून मोरीपर्यंत येणारा जुना पाईप रामदासने तोडून दाखवला. आत गंज इतका साचला होता की करंगळीसुद्धा जाईना. रामदास म्हणाला, एक इंची नवीन पाईप आणतो, दुपारपर्यंत बसवतो, संध्याकाळी धार बघा. तो खरोखरच तासाभरात पाईप घेऊन आला. प्रकरण त्याच दिवशी मिटले असते. पण बद्रीनाथ आतून आपले मापाचे हत्यार घेऊन बाहेर आले होते.

त्यांनी पाईप बाहेरून मोजला. तेहतीस मिलिमीटरच्याही वर भरला. आतून मोजला. सत्तावीस भरला. इंच म्हणजे पंचवीस आणि वर थोडेसे, हे त्यांना झोपेतही ठाऊक होते. त्यांनी पाईप फिरवून पुन्हा मोजला, दुसऱ्या टोकाने मोजला, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर जुने तेज आले.

"रामदास, याच्यात इंच कुठं आहे?"

"नावात आहे, साहेब."

"म्हणजे?"

"एक इंची हे त्याचं नाव आहे. आता तुमच्या संस्थेचं नाव शीतलधारा आहे. मी विचारलं का, धार कुठं आहे म्हणून?"

बद्रीनाथांनी पाईप नापास केला.

नापास पाईप खाली पार्किंगमध्ये ठेवण्यात आला आणि व्यवस्थापक समितीची तातडीची सभा बोलावण्यात आली. तातडीची असल्यामुळे ती पुढच्या रविवारी झाली. अध्यक्षपदी अर्थातच जयसिंगराव होते. या जागेवर कांदे होते तेव्हाही अध्यक्ष तेच होते. तिसऱ्या मजल्यावरचा रविराज चिटणीस होता. तो हिंजवडीला संगणकावर काम करी आणि त्याचे घर बरोबर बद्रीनाथांच्या खाली असल्याने वरच्या पाण्याविषयी त्याला खास आस्था होती. उरलेले सभासद मागच्या रांगेत बसले. सभेनंतर चहा आणि बटाटेवडे असत, आणि मागच्या रांगेतून कढई दिसे. तिथल्या सभासदांचा शिरस्ता असा, की पुढून ठरावाचा आवाज आला की हात वर करायचा आणि नजर कढईवरून हलू द्यायची नाही.

बद्रीनाथांनी सगळा पुरावा मांडला. बाहेरून इंच नाही, आतून इंच नाही, ही राजरोस फसवणूक आहे, असे ते म्हणाले. जयसिंगरावांनी शांतपणे ऐकून घेतले.

"बद्रीनाथ, तुमचा फ्लॅट किती फुटाचा हाय?"

"नऊशे साठ."

"आन मोजून किती भरतोय?"

मागची रांग क्षणभर कढई विसरली. प्रत्येकाने घर घेतल्यावर एकदा तरी टेप धरून खोल्या मोजल्या होत्या आणि त्यानंतर तो विषय घरात काढायचा नाही असे ठरवले होते. जिना, लिफ्ट आणि पार्किंगमधला वाराही ज्यांनी चौरस फुटात विकत घेतला होता, त्यांना एक इंचाच्या नावाचे काय नवल वाटणार? शेवटी असा ठराव झाला, की सदर पाईपला यापुढे 'तथाकथित एक इंची पाईप' असे संबोधावे आणि त्याच्या खरेदीसाठी उपसमिती नेमावी. निमंत्रक म्हणून बद्रीनाथांची निवड झाली. ते बाधित होते, जाणकार होते आणि रिकामे होते. इतके गुण एका माणसात सहसा सापडत नाहीत.

निमंत्रक भवानी पेठेत जाऊन पाईपचा अभ्यास करून आले. येताना त्यांनी तीन तुकडे आणले. पिवळ्या पट्ट्याचा पातळ, निळ्या पट्ट्याचा मध्यम, लाल पट्ट्याचा जाड. बाहेरून तिन्ही सारखेच, कारण आटे आणि जोड सगळ्यांना तेच लागतात. जाडी वाढते ती आतल्या बाजूला. हे त्यांनी वेणूबाईंना जेवताना समजावून सांगितले.

"म्हणजे करंजीसारखं," वेणूबाई म्हणाल्या. "साचा तोच. पारी जाड लाटली की सारण कमी."

"अगदी बरोबर."

"मग जाड घेतला तर पाणी कमी नाही का येणार?"

"तो विषय या सभेच्या कार्यसूचीवर नाही," बद्रीनाथ म्हणाले आणि ताक मागितले.

दुसऱ्या सभेत त्यांनी निळा पट्टा सुचवला. यावर रविराजने हात वर केला. "काका, पाईप लीक झाला तर पाणी कुठे येणार? माझ्या फॉल्स सीलिंगवर. रिस्क कशाला घ्यायची? लाल घेऊ ना." लाल ठरला. तेवढ्यात जयसिंगराव म्हणाले, त्यांच्या जुन्या विहिरीवरचा पाईप असा होता की त्याच्यावर बैल घासला तरी हलत नसे. इथे चौथ्या मजल्यावर बैल येण्याची शक्यता कमी होती, पण ती अजिबात नाही असे लिहून द्यायला कुणी तयार होईना. तेव्हा निमंत्रकांनी माहिती दिली, की लालच्याही पुढे पाईप असतात. कारखान्यांत आणि वाफेच्या भट्ट्यांना लागणारे. त्यांच्या जाडीला शेड्यूल म्हणतात, त्यात चाळीस असते, ऐंशी असते, एकशे साठही असते.

"एकशेसाठ म्हणजे बेस्ट ना?" रविराजने विचारले.

"सगळ्यात भारी एकशेसाठच्याही पुढं आहे," बद्रीनाथ म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज किंचित चढला. कारखान्यातून निघाल्यापासून इतकी माणसे त्यांच्या तोंडाकडे बघत बसली नव्हती.

तिथून पुढे सभा होत राहिल्या आणि प्रत्येक सभेत पाईपची भिंत थोडी थोडी जाड होत गेली. कुणी भूकंपाची आठवण काढली. कुणी म्हणाले, उंदीर. दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी विचारले, समजा कुणी खिळा ठोकला तर? प्रत्येक शंकेला उत्तर होते आणि प्रत्येक उत्तराची जाडी होती. पातळ पाईप घ्या असे म्हणायला कुणालाच जीभ रेटेना, कारण उद्या काही झाले तर त्याचेच नाव निघाले असते. जाड पाईपामुळे काही झाल्याचे आजवर कुणी ऐकले नव्हते. काही झाले नाही, तर ते कुणाच्या नावावर लागत नाही.

रामदासने एकदा मध्ये तोंड घातले. इतक्या जाडीचा पाईप बाजारात मिळणार नाही, असे तो म्हणाला. हा त्याने विरोध म्हणून मांडलेला मुद्दा सभेने सूचना म्हणून स्वीकारला. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये भरीव लोखंडी सळईला लांबून भोक पाडून पाईप तयार करून घ्यावा, असे ठरले. ज्वारीचा दाणा आरपार जाईल एवढे भोक ठेवण्यास मान्यता देण्यात आली. मागच्या रांगेने हात वर केले. त्या दिवशी वडे गरम होते.

पाईपचे तुकडे आले तेव्हा लिफ्टने ते नेण्यास नकार दिला आणि ती बंदच पडली. माणसे लावून ते जिन्याने चढवण्यात आले. त्यांचे वजन भिंतीला पेलेना म्हणून आधाराला लोखंडी खांब आले. वेणूबाई रोज त्याच जिन्याने, खांबांना वळसा घालून, बादल्या चढवत होत्या. नवऱ्याला त्या काही बोलत नसत. एकदा फक्त एवढेच म्हणाल्या, की जुना पाईप बुजायला वीस वर्षं लागली होती.

उद्घाटनाच्या रविवारी नारळ वाढवला गेला. जयसिंगरावांनी टाकीचा वॉल्व्ह उघडला. मोरीत सगळे दाटीवाटीने उभे राहून नळाकडे पाहू लागले. बराच वेळ काही झाले नाही. मग नळाच्या तोंडाशी एक थेंब जमला, फुगला, थोडा थरथरला आणि बादलीत पडला. टाळ्या झाल्या. रविराज खाली पळत जाऊन आपले छत पाहून आला. कोरडे ठणठणीत होते. निमंत्रकांनी अहवाल वाचला. गळती निरंक. फुटण्याचा संभव निरंक. पाईपचे अपेक्षित आयुष्य इमारतीपेक्षा अधिक.

अहवाल चालू असतानाच नम्रता जिना चढून आली. आठवा महिना, त्यात लिफ्ट पाईपमुळे बिघडलेली. तिने धापा टाकत मोरीत डोकावून पाहिले, मग बाबांकडे पाहिले. दुसरा थेंब पडला.

"बाबा, बाळाला याच्याखाली आंघोळ घालायची?"

बद्रीनाथांनी अहवालाची घडी केली. कारखान्यात असल्या प्रश्नाला एक रकाना असे. इथे तो नव्हता.

नम्रताच्या सासूबाई सदाशिव पेठेत राहत. त्यांना फोनवरून सगळे कळले. त्या म्हणाल्या, "परत पाठवा पोरीला. आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ पाणी येतं, साध्या पाईपातून. तुम्हीच या विहीणबाई. आणि व्याह्यांना म्हणावं, तुमचा पाईप बघायला येऊ एकदा सवडीनं, प्यायचं पाणी घरून आणू." वेणूबाईंनी त्याच दुपारी पिशवी भरली. बाळंतपणाला लेक माहेरी यायची, तर इथे आईच लेकीच्या सासरी निघाली. नम्रताला घेऊन रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, "पाण्याला धार आली की कळवा. नाहीतर आम्ही बारसं तिकडेच उरकू. तुम्हाला आमंत्रण येईल."

रात्री बद्रीनाथांनी एकट्यापुरते पिठले केले. भांडी घासायला थेंब थेंब जमवत ते मोरीत बसून राहिले आणि तिथेच त्यांचे मन पालटले. सकाळी उठून त्यांनी अर्ज लिहिला. चौथ्या मजल्याचा पाईप बदलून निळ्या पट्ट्याचा साधा पाईप बसवावा, घरात तान्हे मूल यायचे आहे. जयसिंगरावांनी अर्ज वाचला. त्यांना खरेच वाईट वाटले.

"माझं काय न्हाई वो. पण पाईपचं सगळं उपसमितीकडं हाय. निमंत्रकाची सही लागंल."

बद्रीनाथ अर्ज घेऊन घरी आले. चष्मा लावून त्यांनी तो निमंत्रक या नात्याने वाचायला घेतला. अर्जदार पातळ पाईप मागत होता. फुटला तर जबाबदारी कोणाची, याचा उल्लेख अर्जात नव्हता. उंदीर, खिळे, भूकंप, कशाचाच विचार केलेला नव्हता. कारण म्हणून केवळ पाणी दिले होते. बद्रीनाथांनी बराच वेळ पेन हातात धरले. ज्या हाताने आयुष्यभर कमी भरलेला एकही नग पुढे जाऊ दिला नव्हता, तो हात आता वळेना. त्यांनी अर्जावर 'नापास' असे लिहिले, खाली सही केली, आणि मग अर्जदार या नात्याने डोळे पुसले.

नातू झाला. बद्रीनाथ बारशाला आमंत्रित पाहुणे म्हणून गेले. सदाशिव पेठेतल्या त्या मोरीत नातवाचे न्हाणे चालू होते. नळाची मनगटाएवढी धार बादलीत पडत होती आणि तिचा आवाज बाहेर ओसरीपर्यंत येत होता. ते उठून मोरीच्या दारात जाऊन उभे राहिले. खिशातले मापाचे हत्यार त्यांनी बाहेर काढले नाही.

शीतलधाराचा पाईप अजून आहे, तो हलणारही नाही. आता आजूबाजूच्या संस्थांनी त्याची कीर्ती ऐकून तसाच पाईप बसवायला घेतला आहे, कारण शेजारच्यांनी जाड घेतल्यावर आपण पातळ कसा ठेवायचा? तुमच्या संस्थेतही ठराव होऊन गेला आहे. असे दचकू नका. एकमताने झाला, सभेला तुम्ही होता. मागच्या रांगेत, कढईच्या बाजूला. हात तुमचाही वर होता.